हप्त्याची तिथी

पूर्णगडच्या जेटीमागे, जाळी विणायच्या शेडमध्ये
मी पत्रकं वाटली. त्यांवर एक कुटुंब होतं :
आई, बाबा, दोन मुलं, वर निळी छत्री,
आणि सगळ्यांचे दात सारखे.
द्रौपदी डोर्लेकरनं कागद उलटसुलट पाहिला.
"ही छत्री खाडीच्या तोंडावर धर एकदा.
काड्याच ऱ्हातील हातात."

मी हसले. वहीत लिहिलं नाही.
ते लिहायला हवं होतं.

पुढे 'व्यवसाय' असा रकाना.
पुण्याच्या ऑफिसची सूचना : गृहिणी लिहा, सोपं जातं.
समोर नऊ जणी, पोटऱ्यांवर वाळून पांढरा झालेला चिखल,
टोपल्यांत कालवं, मुळे, तळाशी मूठभर तिसऱ्या,
आणि मी विचारतेय, मावशी, महिन्याचं उत्पन्न किती?

"कंच्या महिन्याचं?"

मग मैमुना सोलकरनं काडीनं जमिनीवर चंद्र काढला.
पुनव-अवसेला उधाण. पाणी लांब जातं,
खडक उघडे पडतात, टोपली भरते.
अष्टमीच्या अल्याडपल्याड भांग,
पाणी धड हटत नाही, चूल अर्ध्यावर.
"तुझा हप्ता पाच तारखेला.
पाच तारीख दर्याला म्हायती नाय."

द्रौपदी पंचांग बघते, मैमुना चाँद,
दोघी उतरतात एकाच ओहोटीला.

रात्री लॉजवर डास मारत मी तक्ता नव्यानं मांडला :
उधाणाच्या तिसऱ्या दिवशी वीस रुपये,
भांगाला काही नाही,
जूनपासून नारळी पुनवेपर्यंत काही नाही,
विमा मात्र चालू.
वरून फोन आला. पैसे येणार नाहीत
आणि जोखीम आपण घ्यायची?
म्हटलं, सर, धंदा तोच आहे ना आपला?
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.

भरपाईसाठी चोवीस तास खाटेवर, असं कलम होतं.
तारा आडविरकरची टाच कालवाच्या शिंपीनं फाटली.
दुपारच्या एसटीनं रत्नागिरी, सात टाके,
संध्याकाळच्या एसटीनं परत, घरी धाकटी एकटी म्हणून.
एकवीस दिवस चिखलात पाय नाही.
खाटेवरचे तास : पाच.
मी कलम खोडलं, लिहिलं,
पाय पाण्यात जात नाही तितके दिवस.
वकिलांनी खोडलं. मी लिहिलं. त्यांनी खोडलं.
शेवटी ठरलं, काम बंद असलेले दिवस,
आशाताईंच्या सहीनं, चौथ्या दिवसापासून.
पहिले तीन मला मिळवता आले नाहीत.
तारानं काही म्हटलं नाही. बोटांवर मोजले फक्त.

अंगठ्याच्या यंत्रानं पाच जणींना ओळखलंच नाही.
पुसून ठेवला, लाल दिवा. थुंकी लावून ठेवला, लाल दिवा.
"कालवांनी खाल्ला गो तो," द्रौपदी म्हणाली,
हरवलेल्या चमच्याबद्दल बोलावं तसं.

वारस म्हणून तिनं मैमुनाचं नाव सांगितलं.
नातं?
यादीत पती, मुलगा, मुलगी, आई, सासू.
"पाणी फिरलं की हाक मारते ती मला.
मी खाली मान घालून फोडत असते, मला कळत नाय.
सव्वीस वर्सं तिच्या हाकेवर वर येतेय."

फॉर्म दोनदा परत आला. रकाना अपूर्ण.
तिसऱ्या वेळी समासात, यादीच्या बाहेर,
पेनानं लिहिलं : हाक मारणारी.

उत्तर अजून नाही.
आज उधाणाचा तिसरा दिवस. एकशेऐंशी रुपये जमले,
सगळ्या नोटा ओल्या.
जाळ्यावर पसरून, वर एकेक शिंपला ठेवून
मी त्या वाळायची वाट बघतेय.